वाडीच्या मंडळाला महिला शाखा, युवक शाखा आणि मदत निधी जोडताना

कोकणातल्या बहुतेक गावांचं, कित्येकदा एकेका वाडीचं, एक मंडळ मुंबईत असतं. गिरणगावात चाकरमानी आले तेव्हा गावकीची खोली होती. एकाच गावचे पुरुष पाळीपाळीने तिथे झोपायचे, महिन्याची वर्गणी काढायचे, कुणी आजारी पडला तर त्याला गावी पोचवायचे, कुणी गेला तर अंत्यविधीचा खर्च उचलायचे. आजची मंडळं त्या खोल्यांतून उभी राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं परळ-लालबाग सोडून नालासोपारा, दिवा, बदलापूरकडे सरकली, पण मंडळ टिकलं.

ते होतं मात्र भावकीचं, म्हणजे पुरुषांचं. मंडळाची घटना लिहिली तेव्हा बायका गावी शेत आणि सासूसासरे सांभाळत होत्या. आता चित्र वेगळं आहे. वाडीत राहणाऱ्यांत बायका जास्त, मुंबईतल्या सुना नोकरी करणाऱ्या, आणि पोरं शिमग्याला पालखी नाचवायला हटकून येणारी. त्यामुळे अनेक मंडळांत विषय निघतो की महिला मंडळ काढूया, पोरांची शाखा काढूया, गरजूंसाठी निधी ठेवूया. ठराव टाळ्यांच्या गजरात होतो आणि पुढच्या वर्षी त्याची आठवणही कुणाला राहत नाही. मंडळाचं दप्तर सांभाळताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. शाखेला स्वतःचा पैसा, स्वतःचं दप्तर आणि मुख्य सभेत मत, या तीन गोष्टी मिळाल्या तरच ती जगते. यातली एक जरी राहिली तरी महिला शाखेच्या वाट्याला सत्यनारायणाचा प्रसाद वळणं येतं आणि युवक शाखेच्या वाट्याला खुर्च्या उचलणं.

आधी घटना काढून वाचा

नोंदणीच्या वेळची घटना कुणाच्या तरी ट्रंकेत असते. ती शोधा आणि सदस्यत्वाचं कलम वाचा. जुन्या घटनांत हमखास 'प्रत्येक घरातील एक कर्ता पुरुष' किंवा 'कुटुंबप्रमुख' अशी अट सापडते. या एका ओळीमुळे विधवेच्या घराचं मत दिराकडे जातं, आणि एकटी राहणारी, स्वतः कमावणारी मुलगी मंडळाच्या हिशेबी अस्तित्वातच नसते. महिला शाखेचा ठराव करण्याआधी हे कलम '१८ वर्षं पूर्ण झालेली कोणतीही स्त्री वा पुरुष' असं बदलून घ्या. शाखेचा उत्साह मोठा असतो, पण हा बदल मागे ठेवला तर तो कधीच होत नाही.

मंडळ संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेलं असेल तर नियमावली बदलायची रीत तुमच्या घटनेतच दिलेली असते. उद्देशांत भर घालायची असेल (उदाहरणार्थ, उद्देश 'वार्षिक उत्सव साजरा करणे' एवढाच आहे आणि तुम्हाला वैद्यकीय मदत द्यायची आहे) तर कायद्याची वाट जरा लांब आहे. प्रस्ताव सदस्यांना सभेच्या किमान १० दिवस आधी लेखी पोचवायचा, खास सभेत ३/५ मतांनी तो मंजूर करायचा आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी खास सभा घेऊन तिथेही ३/५ मतांनी कायम करायचा. दोन्ही सभांची सही-पत्रकं जपा. पहिली सभा गणपतीत गावी आणि दुसरी महिन्याने मुंबईत घेतली तर दोन्हीकडच्या माणसांना बोलता येतं.

मंडळाची नोंदणीच नसेल तर आधी ती करा. किमान ७ सदस्य लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदली जाते, म्हणून तिला 'एफ' अक्षराने सुरू होणारा दुसरा क्रमांक मिळतो. त्यानंतर कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. हे न केल्यामुळे कितीतरी मंडळांच्या नोंदीवर आजही दिवंगत झालेल्या माणसांची नावं आहेत. बँकेत नवी सही लावायची वेळ आली की हे उघडं पडतं.

सून, माहेरवाशीण आणि गावची काकी

महिला शाखेची सदस्य कोण, हा प्रश्न पहिल्याच सभेत येतो आणि त्यावर रुसवेफुगवे होतात. वाडीतली सून सदस्य, हे सगळ्यांना मान्य असतं. पण वाडीत जन्मलेली आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली लेक? गौरी-गणपतीला ओवसा घेऊन ती येते, वर्गणीत हात सैल सोडते, माहेरच्या शाळेसाठी धडपडते. तिला परकी म्हणू नका. तिला सहयोगी सदस्य करा, शाखेच्या कामात पूर्ण भाग द्या, आणि मुख्य मंडळातल्या मताचा प्रश्न घटनेप्रमाणे सोडवा.

दुसरा पेच अंतराचा. मंडळ मुंबईत, अर्ध्याहून जास्त बायका गावी. मुंबईतल्या चार जणींची कार्यकारिणी झाली की गावच्या काकी-वहिनींना निरोप तेवढा मिळतो. म्हणून दोन निमंत्रक ठेवा, एक गावची आणि एक मुंबईची, आणि खर्चाच्या कागदावर दोघींची सही घ्या. गावातली बैठक लावणीच्या दिवसांत ठेवू नका, भातकापणीत नको, आणि आंबा-काजूच्या ऐन हंगामातही नको. कापणी-झोडणी उरकल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यांना मोकळा मिळतो. वेळ दुपारच्या जेवणानंतरची. संध्याकाळी गुरं, चूल आणि टीव्ही तिघेही आड येतात.

शाखेची रचना तीन प्रकारे होऊ शकते. पहिली म्हणजे मंडळाचीच उपसमिती: नोंदणीची गरज नाही, पॅन मंडळाचं, हिशेब मंडळाच्या लेखापरीक्षणात जातो. सुरुवात अशीच करा. दुसरी, बचत गट. तो उमेद या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानात किंवा महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत, म्हणजे माविममार्फत उभा राहतो. माविम १९७५ पासून काम करतंय. उमेदच्या गटात १० ते २० जणी असतात आणि पाच सूत्रं पाळावी लागतात: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्जवाटप, वेळेवर परतफेड, दप्तर अद्ययावत. गावातली सीआरपी ताई, म्हणजे अभियानाची गावपातळीवरची कार्यकर्ती, हे सगळं शिकवते; तिला बैठकीला बोलवा. पण बचत गट वेगळा आणि मंडळ वेगळं, हे कागदावरही आणि मनातही स्पष्ट ठेवा. मंडळाच्या पैशातून गटाने कर्ज वाटायचं नाही आणि गटाच्या बचतीतून मंडळाने मांडव घालायचा नाही. गटातल्या पैशावर फक्त त्या बायकांचा हक्क आहे. तिसरी रचना म्हणजे स्वतंत्र नोंदलेलं महिला मंडळ. शाखेकडे स्वतःची जागा किंवा मोठा उद्योग आला, कोकम-काजूचं प्रक्रिया केंद्र उभं राहिलं, की त्याचा विचार करावा.

पैशाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. मंडळाच्या वार्षिक अंदाजपत्रकात महिला शाखेची रक्कम ठरवून लिहा आणि ती वर्षाच्या सुरुवातीला द्या. प्रत्येक खर्चासाठी अध्यक्षांच्या पाठी फिरावं लागलं की बायका दुसऱ्या वर्षी येत नाहीत. त्याच पॅनवर मंडळाच्या ठरावाने शाखेच्या नावाचं दुसरं खातं काढता येतं. सही दोन निमंत्रकांची आणि मंडळाच्या खजिनदाराची, तिघांपैकी कुणाही दोघांची.

हळदीकुंकवाबद्दल एक गोष्ट आवर्जून. शाखेचा पहिला कार्यक्रम बहुतेक वेळा संक्रांतीचं हळदीकुंकू असतो, आणि ज्या बाईला शाखेची सर्वात जास्त गरज असते, नवरा गेलेली, ती तिथे दाराबाहेर राहते. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या वाडीला एवढा मोठा ठरावही लागत नाही. निमंत्रणावर 'तिळगूळ समारंभ, वाडीतल्या सर्व महिलांसाठी' असं छापा, आणि पहिलं वाण तिच्या हाती द्या. ज्येष्ठ बायकांशी आधी घरी जाऊन बोला, म्हणजे कार्यक्रमात कुणाचा अवमान होत नाही.

शाखा असली तरी मुख्य कार्यकारिणीत बाई हवीच

इथे बाहेरचा एक दाखला उपयोगी आहे. रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीत रोटरीचं काम आपण पाहतो. ती संस्था १९०५ मध्ये शिकागोत पुरुषांची म्हणून सुरू झाली. १९२४ मध्ये मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटरीच्या सदस्यांच्या घरच्या बायकांना एकत्र आणून इनर व्हील काढलं. त्यांची अध्यक्ष वेगळी, वर्गणी वेगळी, निर्णय त्यांचे. आज ती जगभर पसरलेली स्वतंत्र संस्था आहे. पण रोटरीच्या मुख्य क्लबात बायकांना सदस्यत्व मिळायला १९८९ उजाडावं लागलं. पासष्ट वर्षं शेजारी बसूनही आतलं मत नव्हतं.

आपल्या मंडळांत हेच घडताना दिसतं. 'महिला शाखा आहे की, मग कार्यकारिणीत कशाला?' असं म्हटलं जातं. शाखेच्या ठरावातच लिहून घ्या की महिला शाखेची आणि युवक शाखेची प्रत्येकी एक प्रतिनिधी मुख्य कार्यकारिणीची पदसिद्ध सदस्य असेल आणि तिला मत असेल. निमंत्रित म्हणून नको. निमंत्रित माणूस चहा पिऊन जातो.

तरुणांची शाखा

पोरं संघटित नाहीत ही तक्रार मला पटत नाही. वाडीचा क्रिकेट संघ आहे, नमनाचा आणि जाखडीचा संच आहे, पालखीचे खेळे आहेत. त्यांचे व्हॉट्सॲप गट मंडळाच्या गटापेक्षा जास्त जागे असतात. नवी शाखा शून्यातून उभारण्यापेक्षा या संघांच्या कप्तानांना एकत्र बसवा आणि युवक शाखेची कार्यकारिणी त्यांच्यातून निवडा. मुलींना यात आणायचं तर स्पर्धांच्या पलीकडचं काम लागेल, आणि ते शाखा स्थापन होतानाच ठरवावं लागेल.

वयाची रेघ आखा. १८ खालच्यांना मुलांचा गट म्हणा, त्यांच्याकडे पद किंवा खात्यावरची सही नको. त्यांच्या सहलीला, शिबिराला पालकांची लेखी संमती, सोबत किमान दोन प्रौढ, मुली असतील तर त्यांत एक बाई, आणि कुणाही मोठ्या माणसाने मुलाला एकट्याने गाडीत किंवा खोलीत न्यायचं नाही. ओळखीच्या वाडीत हे सांगायला जड जातं, तरी सांगायचंच. समुद्रावर नेलं तर पाण्यात कोण उतरणार आणि काठावरून लक्ष कोण ठेवणार, हे घरून निघतानाच ठरलेलं असावं. स्थानिक कोळी माणूस 'आज नको' म्हणाला तर त्या दिवशी कुणीही पाण्यात जायचं नाही.

वरची मर्यादा ३५ ठेवा आणि पाळा. युवक शाखेचा अध्यक्ष पन्नाशीचा झाला की ती शाखा संपली असं समजावं.

काम कोणतं द्यायचं? २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या बागा आणि छपरं उडवली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. त्या काळात मुंबईहून पाणी, कपडे, शिधा घेऊन टेम्पो निघाले ते बहुतांश तरुणांच्या जोरावर. पण एकाच रस्त्यावरच्या गावांत कपड्यांचे ढीग पडले आणि आत डोंगरावरच्या वाड्यांत झाडू, फावडी, ब्लीचिंग पावडर, कोरडी अंथरुणं पोचली नाहीत. म्हणून युवक शाखेचं पहिलं कायमचं काम हे असावं: वाडीची यादी. कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, कुणाला रोजचं इन्सुलिन लागतं, कोण अंथरुणाला खिळलंय, दरडीखालची घरं कोणती, दोर, करवत, बॅटरी, जनरेटर कुणाकडे आहे, मोबाइलला रेंज कुठल्या टेपावर (उंचवट्यावर) मिळते. दर मे महिन्यात पोरं सुट्टीला आली की ही यादी घरोघरी फिरून ताजी करायची. तिची एक प्रत पोलीस पाटलांकडे, एक आशाताईंकडे आणि एक मुंबईत. आजाराची माहिती या यादीबाहेर जाऊ द्यायची नाही.

रक्तदान शिबिर हा दुसरा चांगला उपक्रम, कारण मे महिन्यात गावात तरुण असतात आणि नेमकी तेव्हा रक्तपेढ्यांत टंचाई असते. परवानाधारक रक्तकेंद्राशी महिना-दीड महिना आधी बोला. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांनी ९० दिवसांच्या आणि स्त्रियांनी १२० दिवसांच्या अंतराने द्यावं. गावाकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी निघतं आणि त्या ओशाळून परत जातात. त्यांची यादी करून उपकेंद्रात तपासणी आणि लोहाच्या गोळ्यांची सोय महिला शाखेने लावावी. दोन शाखांनी मिळून करायचं हे खरं काम.

मदत निधी

उत्सवाची वर्गणी आणि मदतीचा पैसा एका डब्यात ठेवू नका. रोटरीने १९१७ पासून आणि लायन्सने १९६८ पासून आपला मदतीचा निधी वेगळ्या फाउंडेशनमध्ये ठेवलाय. आपल्याला वेगळा न्यास काढायची गरज सुरुवातीला नसते. पण वेगळं खातं, वेगळं पावती पुस्तक आणि तीन जणांची निधी समिती लागतेच. समितीत एक बाई आणि एक गावी राहणारा माणूस असावा. अध्यक्ष समितीत नसलेला बरा, कारण अध्यक्षांना नाही म्हणणं जड जातं, आणि अध्यक्षांना स्वतःलाही.

नियम एका पानात बसतील एवढेच करा. मदत कशासाठी (आजारपण, शिक्षण, घर पडणं, अंत्यविधी), एका कुटुंबाला वर्षात जास्तीत जास्त किती, निर्णय किती दिवसांत, तातडीच्या वेळी समितीतल्या दोघांनी फोनवर ठरवायची मर्यादा किती. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या खात्यावर. आणि मदत घेणाऱ्याचा फोटो कधीही नको. धनादेश देतानाचा, हार घालतानाचा, व्हॉट्सॲपवर टाकायचा, कोणताच नको. वार्षिक अहवालात 'वैद्यकीय मदत' असं लिहून एकूण रक्कम आणि कुटुंबांची संख्या द्या. नावं फक्त समितीच्या वहीत. वाडीत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणूनच ही काळजी जास्त घ्यायची.

निधी लहान असेल तर खंतावू नका. माझ्या मते मंडळाची सर्वात मोलाची मदत पैशाची नसून सोबतीची आहे. गावचा रुग्ण परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयात येतो तेव्हा त्याला केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या इमारतीत जायचं, राहायचं कुठे, काहीच ठाऊक नसतं. मंडळाने मुंबईत रुग्णसाथी नेमावेत. निवृत्त झालेले काका, दुपारपाळी असणारा पोरगा, रुग्णालयात नोकरी करणारी वाडीची लेक, अशांची नावं आणि त्यांचे मोकळे वार एका कागदावर हवेत. रुग्णसाथीला पुढच्या गोष्टी शिकवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटायचं, उपचार सुरू झाल्यावर नव्हे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. हा दाखला गावाहून निघतानाच घ्या, मुंबईत आल्यावर त्यासाठी माणूस परत धाडावा लागतो. कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे तिकिटात सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा कर्करुग्ण आणि नातेवाइकांसाठी आधार आहे, पण जागा मिळेलच असं धरून चालू नका. एवढ्या माहितीने जे होतं ते दहा हजारांच्या धनादेशाने होत नाही.

पैसा आला की कायदाही येतो

नोंदणी नसताना लोकांकडून देणग्या गोळा करायच्या असतील तर त्याच १९५० च्या विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात तीच ही.

देणगीदार ८० जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतात. त्यासाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते आणि दरवर्षी विवरणं भरावी लागतात. ती असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही, आणि नव्या कररचनेत गेलेल्या नोकरदाराला तर या सवलतीचा उपयोगच नाही. निधी छोटा असेल तर या खटाटोपात पडायची घाई करू नका. आधी हिशेब चोख ठेवा.

रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसं आखातात आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. पण त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरीसुद्धा, ती विदेशी देणगी होते आणि विदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्याखालची परवानगी नसेल तर घेता येत नाही. पावती फाडण्याआधी पासपोर्ट कोणत्या देशाचा हे सरळ विचारा आणि उत्तर पावतीच्या स्थळप्रतीवर लिहा.

किर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, रोज लिहा. ३१ मार्चला वर्ष संपलं की शाखांचे हिशेब १५ एप्रिलपर्यंत खजिनदाराकडे, म्हणजे मे महिन्यात गावच्या सभेत ते वाचता येतात. लेखापरीक्षण सहा महिन्यांत पुरं करून धर्मादाय कार्यालयात सादर करायचं. सभेत हिशेब वाचणारी व्यक्ती त्या त्या शाखेचीच असावी. महिला शाखेचा हिशेब खजिनदाराने वाचून दाखवू नये. पहिल्या वर्षी काकींचा आवाज कापेल. आदल्या दिवशी घरी बसवून दोनदा वाचून घ्या.

दर तीन वर्षांनी पदाधिकारी बदला, आणि बदलताना दप्तराची यादी करा: इतिवृत्ताच्या वह्या, पावती पुस्तकं (कोरी आणि वापरलेली, क्रमांकांसह), चेकबुक, पॅन, नोंदणीचे दोन्ही दाखले, वाडीची यादी, रुग्णसाथींचे क्रमांक, बँकेच्या आणि ईमेलच्या पासवर्डचं बंद पाकीट. जुन्या आणि नव्या निमंत्रकांच्या सह्या घेऊन एक प्रत गावी देवळाच्या कपाटात ठेवा, दुसरी मुंबईत. नव्या सह्या बँकेत लागेपर्यंत जुन्या निमंत्रकांनी एकही चेक फाडायचा नाही, हे त्या यादीखालीच लिहून घ्या.